दिवाकरभाऊंचा र

दिवाकरभाऊंचं इंग्लिश परदेशात चालणार नाही, असं मी एकदा लिहून दिलं होतं.

ते खोटं होतं. लिहिताना मला ते माहीत होतं.

काल दुपारी दिवाकरभाऊ गेले. गडचिरोलीकडे, मार्कंड्याजवळ, त्यांच्या गावी.

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला वीज केंद्राच्या नवीन युनिटचं काम चालू होतं. मी एका कंत्राटदार कंपनीत ट्रेनी इंजिनिअर. वय तेवीस, शाळा नागपूरचं कॉन्व्हेंट, साइटवर एकटीच मुलगी. दिवाकरभाऊ सीनियर टेक्निशियन. आयटीआय झालेले, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरी मला "बाई" म्हणायचे.

मशिनरीबरोबर तीन परदेशी इंजिनिअर आले होते. ते फोनवर इंग्लिशमध्ये सांगत, भाऊ ते ऐकून फिटर लोकांना मराठीत सांगत. मागे बॉयलरचा आवाज. ऐकण्यात चूक झाली तर कुणाचा हात जाऊ शकत होता.

म्हणून भाऊंनी एक वही केली होती. कुठला साहेब र कसा म्हणतो, त्याची.

"हा लंडनवाला पाहा बाई. मोटरले मोटा म्हणते, मले दिवाका म्हणते. शेवटचा र खाऊन टाकते."

"त्यांच्यात तसंच असतं."

"खाऊ द्या ना जी. पण 'इंडिया इज' म्हणाले गेला का 'इंडियार इज' म्हणते! हाये तिथी खाते, अन् नाई तिथी वाढते!"

अमेरिकन साहेबाचा र जीभ मागे वळवून यायचा. वहीत नोंद: तोंडात गरम आलूबोंडा धरल्यावानी.

तिसरे स्कॉटलंडचे. त्यांना सगळे बुढे साहेब म्हणायचे. त्यांचा र कडक, जीभ वर आपटून काढलेला, शब्दाच्या शेवटीही शाबूत. त्यांच्या पानावर भाऊंनी एकच शब्द लिहिला होता.

आपल्यासारखा.

भाऊ आणि बुढे साहेब, त्या दोघांना एकमेकांना काहीही दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. सहा महिने मी भाऊंच्या फोनशेजारच्या कंट्रोल पॅनेलसमोर बसत होते. मी हे रोज पाहिलं आहे.

मग कंपनीने एकाला सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं. स्कॉटलंडच्या कारखान्यात. नाव भाऊंचं होतं.

त्यांनी पासपोर्टचा फॉर्म भरला. चंद्रपूरला जाऊन मफलर आणला आणि एप्रिलच्या उन्हात गळ्यात घालून साइटवर आले.

"कसा दिसून राह्यलो?"

"आजारी," मी म्हणाले.

फिटर लोक अर्धा तास हसत होते. सगळ्यात जास्त भाऊ.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं. "तू कॉन्व्हेंटची. दिवाकरच्या स्पोकन इंग्लिशवर दोन ओळी लिहून दे."

मी लिहिलं: र चा उच्चार फार जड आहे. तिकडच्या लोकांना समजणार नाही.

मला निरीक्षण लिहायला शिकवलं होतं. मी मत लिहिलं. शाळेत ज्या कडक र साठी मला पट्टी बसायची, त्याच्याबद्दलचं मत.

आणि भाऊंचं नाव गेलं तर पुढचं नाव माझं आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण मला मोजता येत होतं.

भाऊंना एवढंच कळलं की इंग्लिशमुळे राहिलं. कोणी लिहिलं ते कधीच कळलं नाही. त्यांच्या जागी मी निघायच्या आदल्या दिवशी ते मफलर घेऊन आले.

"घ्या बाई. तिथी थंडी असते. माह्या आता काय कामाचा."

मी घेतला.

तिकडच्या कारखान्यात फोरमन, क्रेनवाला, कँटीनची बाई, जवळजवळ सगळ्यांचा र दिवाकरभाऊंचा होता. माझंच इंग्लिश त्यांना गमतीचं वाटायचं. स्टोअरच्या बाई म्हणाल्या, "पोरी, तुझे सगळे र विमानातच राहिले का?"

दुसऱ्या आठवड्यापासून मी भाऊंसारखं बोलायला लागले. काम सोपं झालं.

परत आल्यावर भाऊंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"तिथी र कसा हाये बाई? आपल्या बुढ्या साहेबावानीच ना?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

मी म्हणाले, "नाही. ते जुने लोक. आता तिकडे कोणी तसं बोलत नाही."

"असं काय? बरं झालं मंग मी नाई गेलो. कंपनीची फजिती झाली असती."

त्यानंतर ते फोनवर र गिळायला लागले. मोटा. मीटा. शब्द शोधत, अडखळत. फिटर हसायचे. शेवटी फोन वाजला की रिसीव्हर माझ्यापुढे धरायचे. "तुमीच बोला बाई."

बुढ्या साहेबांनी मला एकदा विचारलं, "दिवाकरला काय झालं? इथे त्याचंच तर मला नीट समजायचं."

मी म्हणाले, माहीत नाही.

काल त्यांच्या मुलीचा फोन आला. ती गडचिरोलीला इंग्लिश शिकवते. रडत रडत सांगत होती, "बाबा आम्हाला लहानपणी र हळू म्हणायला लावायचे. म्हणायचे, बाई तिथी जाऊन आल्या, त्याईले माहीत हाये."

फोनवर मी तिला हे सांगितलं नाही. म्हणून इथे, सगळ्यांना दिसेल असं, लिहिते आहे. ती वाचेल, त्या साइटवरचे जे कोणी आहेत ते वाचतील.

बेटा, तुझ्या बाबांचा र बरोबर होता. पहिल्यापासून. तुझ्या वर्गातल्या मुलांना तसाच शिकव.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी येते आहे. मफलर माझ्याकडे आहे, तो घेऊन येते. तू आत येऊ दिलंस तर.

भाऊ, तिकडे सगळे तुमच्यासारखंच बोलतात.

जय भीम.