नानांकडे गेलेली बाटली

आप्पांच्या मुलाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आप्पांनीच लावायला सांगितला असणार. त्यांना स्वतः फोन लावायचा भारी कंटाळा. मुलाला, सुनेला, अगदी बांधावरून जाणाऱ्यालाही फोन लावायला सांगायचे आणि एकच विचारायचे, "भाई, बाटली आली का?" मी दुकानात मोटारीत तार भरत होतो. हॅलोसुद्धा न म्हणता बोललो, "नाही आली अजून." पलीकडून दत्ता म्हणाला, "चाचा... आप्पा गेलं."

मी शिरूरचा, पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करणारा. आप्पा दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. त्यांच्या विहिरीची मोटार सारखी जळायची, त्यातून ओळख झाली. पुढे मोटार सुधारली, पण माझं जाणं काही थांबलं नाही. विहिरीकडेला त्यांच्या वडिलांनी लावलेल्या काळ्या, बियांच्या द्राक्षांच्या वेली होत्या. शिवारात सगळ्यांनी कधीच बिनबियांची जात धरली होती; आप्पा मात्र हटून बसले. दर हंगामात घड चाखत फिरायचे आणि जी वेल पसंत पडेल तिला वहिनींच्या जुन्या लाल लुगड्याची चिंधी बांधायचे. छाटणीच्या वेळी त्याच वेलींच्या काड्या लावायला ठेवायच्या. असं निवडत निवडत त्यांनी अर्धा एकर बाग उभी केली. वहिनी म्हणायच्या, "माझं लुगडं संपलं, पर ह्यांची निवड काय संपंना!" बाजारात त्या द्राक्षांना कुणी विचारत नव्हतं. घोस खाऊन बिया थुंकेपर्यंत गिऱ्हाइकाची एसटी सुटायची. म्हणून मग आप्पांनी वाईन करायला घेतली. घरापुरती, असं म्हणायचे. घरात पिणारं कुणी नव्हतं ही गोष्ट वेगळी.

आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि मी नमाजी माणूस. ड्रमला फडकं बांधून आम्ही दोघं आत चाललेलं बुडबुड ऐकत बसायचो. वास घेतला तर माळेला चालतं, असा निकाल आप्पांनी स्वतःच दिला होता. पण चव कशी झालीय हे सांगणार कोण? त्यांचा जीव तेवढ्याच एका प्रश्नात अडकला होता. बापाच्या वेली आपण जपल्या त्या शहाणपणानं की हट्टानं, हे त्यांना त्या एका घोटावरून ठरवायचं होतं. पाहुण्यांना पाजून पाहिलं. सगळे म्हणाले, "लय भारी, आप्पा!" एकानं वर साखर मागितली. दत्ताच्या रांजणगावच्या कंपनीतला एक मित्र "एकदम कडक" म्हणाला आणि कप मोरीत ओतताना वहिनींना दिसला.

"आदरानं पिणारा खरं सांगत न्हाई," आप्पा म्हणाले. "ही नानाला धाडू."

मी उडालोच. शेजारच्या बांधाचे नाना म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीपासूनचे हाडवैरी. वर्षानुवर्षं अबोला.

"आवो भाई, गावात माझ्याशी खोटं न बोलणारा त्यो एकलाच हाय. बोलतच न्हाई, तर खोटं कवा बोलंल?"

बाटली पोचवायचं काम माझ्याकडे आलं. नानांनी ती घेतली, उजेडात धरली, आत नेली आणि दार लावलं. एवढंच. अबोल्यामुळे ती परत येणार तीही माझ्याच हाती, असं आप्पांनी धरलेलं. त्यांचं गणित सोपं होतं. बाटली भरलेली परत आली तर अपमान, रिकामी आली तर पावती. पण ती परत आलीच नाही. तेव्हापासून ते फोन... शेवटपर्यंत.

दहाव्याला मी खुटबावला गेलो. माणसं पांगल्यावर नाना आले, धोतराच्या सोग्यात काहीतरी लपवून. वहिनींसमोर त्यांनी बाटली ठेवली. गळ्यापर्यंत शेंगदाणे भरलेले.

"रिकामं भांडं कसं धाडायचं, वयनी?" नाना म्हणाले. "आन् भरून धाडावं तर बोलणं सुरू झालं आसतं. म्हून ऱ्हायली."

त्यांना धड रागवावं की हसावं, मला कळेना. मी विचारलं, "नाना, कशी होती?"

"आंबट व्हती. तुरट बी व्हती." ते थांबले. "चार दिस पुरवू म्हणलं... दुसऱ्याच दिशी सपली." मग दत्ताकडे न बघता म्हणाले, "औंदा छाटणीला चिंधीवाल्या येलीच्या दोन काड्या ठिव मला."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "आता ह्ये शेंगदानं काडायचं कसं, त्ये बी सांगून जावा!" दहाव्याच्या घरात सगळे हसलो. मला त्या क्षणी आप्पांचा फार राग आला. थोडं थांबायला काय झालं होतं त्यांना?

बाटली वहिनींनी मला दिली. दुकानात तारांच्या रिळांशेजारी ती ठेवलीय. शेंगदाणे निघत नाहीत, आणि मी काढतही नाही. फोन वाजला की अजून आधी तिच्याकडेच नजर जाते, आणि कोणाचा आहे हे न बघताच मी म्हणतो,

"आली, आप्पा. भरून आली."