डावीकडे जाणारा ट्रक

दिवसभर लॉन्ड्रीत इस्त्री करून धाकटी घरी आली, की चपला काढायच्या आधीच तिच्या कानावर तोच आवाज पडायचा, टीव्हीतला ट्रक कठड्याला घासल्याचा. पाठोपाठ दादाचा उसासा. या दोन आवाजांचा तिला अगदी वीट आला होता.

दादानं जन्मभर ट्रक चालवला. पक्षाघातानं डावा हात लुळा पडला आणि गाडी सुटली. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, अंगठा हलता ठेवा, व्हिडिओ गेम खेळलात तरी चालेल. शेजाऱ्यांनी माळ्यावरचा जुना गेम काढून दिला, पण त्याचा कंट्रोलर हरवला होता. धाकटीनं भलत्याच कंपनीचा, बिनवायरचा, स्वस्तातला आणला. दादानंही खेळायला काय घ्यावं, तर ट्रकच. वर मनाशी ठरवून बसला, की हा सरळ चालला तर खराही चालेल, नाहीतर विषय संपला.

ट्रक सारखा डावीकडे जायचा. अलीकडे जरा रस्त्यावर राहू लागला होता, पण तेवढ्यानंच दादाचा अंगठा भरून यायचा. हात माझं ऐकत नाही, हे त्याचं पालुपद. धाकटी म्हणायची, हाताला काही झालेलं नाही, तुझा कंट्रोलरच टुकार आहे. तिला स्वतःला ते मुळीच खरं वाटत नव्हतं. आजारी माणसाची समजूत काढायला आपण वाट्टेल ते बोलतो, तसंच हे.

शेवटी रोजची कटकट मिटावी म्हणून तिनं गेमच्याच कंपनीचा कंट्रोलर आणला. दादानं ट्रक वळवायच्या डाव्या दांडीवर अंगठा ठेवला आणि गाडी काढली. ट्रक उजवीकडे गेला, थेट खड्ड्यात. पुन्हा काढला, पुन्हा उजवीकडे. त्यानं कंट्रोलर हळूच उशीवर ठेवला.

"आता तर कंट्रोलरही चांगला आहे," तो म्हणाला. "हातच गेला, धाकटे."

धाकटीला रडू नाही, रागच आला. मला तरी कुठं जमतंय हे दाखवावं म्हणून तिनं जुना कंट्रोलर ओढला, स्टुलावर ठेवला आणि एका बोटानं वेगाचं बटण दाबलं. दांडीला हात लावायचं त्राणही तिच्यात नव्हतं. ट्रक आपसूक डावीकडे वळला आणि कठड्याला जाऊन घासला.

तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

दादानं स्वतःचा अंगठा हलवून पाहिला.

"म्हणजे इतके महिने मी..."

"उजवीकडे ओढत होतास त्याला. तीच सवय लागलीय हाताला."

"रोज ओढत होतो."

"आणि मी तुला," धाकटी म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. तिच्या पायांचे तुकडे पडले होते. "आजचा चहा तू कर."

आजारपणानंतर त्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. दादा उठून आत गेला. भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचाही आला. धाकटी उठली नाही.