नागेशची तीन सुताची नळी

पूर्णेत फ्रिज दुरुस्त करणारे चार-पाच जण आहेत. त्यांच्यातला नागेश वाव्हळे जेवता जेवतासुद्धा उठून काहीतरी बघून येतो. त्याची बायको माधवी म्हणते, "यांच्या ताटातली भाकर वाट बघून वाळती."

माधवी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. यंदा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर भर दुपारी तापून बंद पडू लागला. दोन फिल्म उशिरा गेल्या. नांदेडच्या स्टुडिओवाल्याने फोनवर सांगून टाकलं, "ताई, शुक्रवारी सहापर्यंत ही फिल्म आली नाही, तर पुढचं काम दुसरीकडं देतो."

कॉम्प्युटर गार ठेवायला नागेशने जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढला, प्रोसेसरवर बसेल असा तांब्याचा पोकळ ठोकळा बनवून घेतला. ठोकळ्यातला गार गॅस प्रोसेसरची उष्णता घेऊन कॉम्प्रेसरकडे परत जाणार होता. त्या परतीच्या नळीला सक्शन लाईन म्हणतात. बाकी सगळं मंगळवारीच जमलं. नागेश अडला तो या हातभर नळीपाशी.

आधी त्याने नेहमीची तांब्याची सरळ नळी जोडली. सुरू होताना कॉम्प्रेसरने झटका दिला, नळीने तो तसाच पुढे नेला आणि ठोकळा प्रोसेसरवरून तिरपा झाला. स्क्रीन काळी.

"वाकणारी पायजे," म्हणत तो उन्हातच बाजारात गेला आणि गिझरला लावतात ती, वरून स्टीलची वीण असलेली नळी घेऊन आला. बुधवारी तासभर छान चाललं. मग नळीवर बर्फ धरला. विणीच्या आत रबर होतं, हे त्याने पाहिलंच नव्हतं. गारठ्याने रबर कडक झालं आणि टोकाशी गॅस सुटला.

"आवं, बसा की जरा. मला चक्कर यायलीय तुमच्याकडं बघून."

"बसून नळी सुचती का?"

"मग फिरून तरी कुठं सुचायलीय?"

गुरुवारी शेजारचे आश्रुबा आले. रेल्वेत एसी डब्यांच्या दुरुस्तीवर तीस वर्षं काढलेला माणूस.

"काका, आता जाड रबर बघतो," नागेश म्हणाला.

"रबर कशाला? आमचा डबा दिवसभर हादरायचा. नरम तांबं घे, तीन सुताचं, करंगळीहून बारीक. अन् त्याला वेटोळी दे. हादरा वेटोळ्यातच जिरतो."

"नळी लय लांब हुईल की."

"हू दे. तुझ्यासारखी सरळ पळाली की तुटती."

नागेशने पाण्याच्या जारभोवती नळी गुंडाळून तीन मोठी वेटोळी काढली. घाईत एके ठिकाणी ती चेपली. तो तुकडा कापून पुन्हा पहिल्यापासून. नळीवर पाणी साचून कॉम्प्युटरवर ठिबकू नये म्हणून वरून काळा फोम चढवला. आतली हवा काढून गॅस भरेपर्यंत शुक्रवारचे अकरा वाजले.

दुपारी दोनला पत्रा हात लावू देत नव्हता. वेटोळी थरथरत होती, ठोकळा जागचा हलत नव्हता. पडद्यावर फिल्म तयार होत होती: सत्तर टक्के, ब्याऐंशी, मग बराच वेळ एक्क्याण्णव.

पाच चाळीसला नांदेडहून फोन आला. "मिळाली, ताई. पुढचं लग्न उद्या पाठवतो."

माधवीने फोन ठेवला. नागेशने विचारलं, "केवढं हाय?"

"तीन दिवसांचं लग्न हाय."

तो लगेच उठला. वेटोळ्यांपाशी वाकून फोमवर बोट फिरवत, कुठं ओल आलीय का ते बघू लागला.