चाचा आणि केळापूरचा चिखल

चाचा कागद वाचत नसत, नेम धरत. लांबलचक कागद आडवा नाकाला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि कडेनं बघत राहायचं. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला दिसत नाही.

आमचं काम गॅस शोधायचं. जमिनीला हादरे द्यायचे आणि खोल थरांवर आपटून परत आलेल्या लाटांच्या रेघा छापायच्या. रेघांना रंग मी लावी, अर्थ चाचा लावीत. मूळचे नेरचे, बोलणंही तिकडचंच. "रेघा सोड बे. तवा पाणी काय करून राह्यलं होतं ते सांग," म्हणायचे. तिरप्या रेघा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नदीनं मुखाशी लोटलेली वाळू. सरळ, समांतर रेघा म्हणजे शांत तळं आणि तळाशी चिखल. वाळूत गॅस मिळाला तर मिळतो, चिखलात ठणठणगोपाळ.

मोठ्या साहेबांना मात्र जिकडेतिकडे नदीच दिसे, कारण वरच्या ऑफिसला नद्या आवडत. साहेब "नदी" म्हणाले की मीटिंगमधल्या सगळ्या मुंड्या हलत आणि मी निमूट वाळूचा पिवळा रंग भरी.

मग नेरच्याच जिल्ह्यातल्या केळापूरचा कागद आला. आपल्या जिल्ह्यात आपल्या सांगण्यावरून एक तरी बोअर व्हावा, ही चाचांची जन्माची हौस, आणि निवृत्ती तर तोंडावर आलेली. त्यांनी पुन्हा पुन्हा नेम धरला.

"तळं आहे."

"नीट बघा," साहेब म्हणाले. "नदी निघाली तर बोअर तुमचा."

"पाह्यलं साहेब. इथं नदी नव्हती."

बाहेर आल्यावर मी चिडलोच. "चाचा, हो म्हणून टाकायचं ना. कायले जिद्द करता?"

"अबे, मले बी बोअर पाह्यजेच. पण पाणी माह्यासाठी कायले वाह्यलं असतं?"

साहेबांनी मला पिवळा रंग फासायला लावला. चाचांना नारळ मिळाला. बोअर झाला आणि खालून दगड झालेला चिखल निघाला. साहेब डगमगले नाहीत. 'प्राचीन तळ्याचा महत्त्वाचा शोध' असा अहवाल गेला आणि वर त्यांचा सत्कार झाला. आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

माझं डोकं फिरलं. चाचांना फोन लावून सगळं ऐकवलं. सत्काराकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"चिखल कोन्त्या रंगाचा निघाला?"

"काळाकुट्ट. पापुद्रे सुटून राह्यले त्याचे."



"मंग लय खोल होतं रे तळं," चाचा म्हणाले. "मले पाहाले भेटलं असतं तं..."