देवरेताईंच्या टिकल्या

ती टिकली मी काढली होती. कागदावर डिंकाचा गोल डाग राहिला. तो कागद मी ड्रॉवरच्या तळाशी लपवला आणि देवरेताईंवर दोष येऊ दिला. ताईंबद्दल लिहायचं तर आधी हे सांगायला हवं.

नाशिकमधली आमची छोटी कंपनी द्राक्ष, डाळिंब आणि कांद्याच्या पॅकहाऊससाठी, म्हणजे माल निवडून भरण्याच्या केंद्रांसाठी, सॉफ्टवेअर बनवते. मूळ भाग सगळ्यांना एकच, त्यावर ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वेगळा भाग. मूळ भाग मी लिहायचो, ताई तपासायच्या. त्या नामपूरच्या, आता निवृत्त होऊन तिकडेच असतात. आमच्याकडे येण्याआधी तिथल्या कांदा बाजारात त्यांनी बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे कुठलाही नियम टिकतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. "संध्याकाळी निर्यात चालू, सकाळी बंद. आज शे, सकाय नही, भाऊ," असं त्या म्हणायच्या. आज आहे ते उद्या नाही.

बैठकीत ग्राहक "हे कधीच बदलणार नाही" म्हणाला, की ताई पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून मागण्यांच्या कागदावर त्या ओळीपुढे एक लाल टिकली चिकटवायच्या. एका द्राक्ष निर्यातदाराने विचारलं, "ताई, हे काय?"

"तुमच्या 'कधीच'ला दृष्ट लागू नये म्हणून."

मला त्या वेगळं समजावायच्या. "कणीक एकच, मग पोळी लाटा की पुरी. पण सगळ्यांना चालेल तेवढंच मीठ कणकेत घाला, बाकी ज्याचं त्याला पानात वाढा. कणीक खारट झाली तर अख्खी पंगत उठते."

पेटी-गोणीवरच्या लेबलची रचना तेव्हा तिन्ही पिकांना सारखीच होती. ती कधीच बदलणार नाही, असं ग्राहक म्हणाले. टिकली लागली. "लेबल कणकेत नको भाऊ, ज्याचं त्याला वेगळं द्या," ताई म्हणाल्या. त्याला दोन आठवडे जास्त लागले असते. "ताई, तुम्ही टिकल्यांचं दुकान टाका," असं म्हणून मी हसलो, आणि कागद साहेबांकडे नेण्याआधी टिकली नखाने खरवडून टाकली. लेबल मूळ भागातच राहिलं.

ऐन हंगामात परदेशातल्या खरेदीदाराने द्राक्षाच्या लेबलचा नमुना बदलला. मी घाईने मूळ भागातच दुरुस्ती केली आणि ताईंना फक्त द्राक्षाचं लेबल तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळवणला कांद्याच्या गोण्यांवर कोरी लेबलं, डाळिंबाच्या पेट्यांवरही कोरी. दारात ट्रक खोळंबलेले.

"हा धोका आधी कुणाच्याच लक्षात आला नाही?" साहेबांनी बैठकीत विचारलं.

"तपासणीत निघायला हवा होता," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. साहेबांनी त्यांच्याकडून तपासणीचं काम काढून घेतलं आणि त्यांना ग्राहकांच्या फोनवर बसवलं. माझ्या पाठीमागच्या टेबलावरून दिवसभर त्यांचा हसरा आवाज यायचा, "हो दादा, चूक आमचीच आहे." त्यातला 'आमचीच' मला रोज टोचायचा.

हंगाम सरल्यावर एकदा टपरीवर चहा घेताना मी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "पुन्हा असं कधीच होणार नाही, ताई."

ताईंनी पाकीट काढलं आणि माझ्या मनगटावर एक टिकली चिकटवली. मग स्वतःच खळखळून हसल्या.

"कागद साहेबांकडून परत आला तेव्हाच डाग मी पाहिला होता. पण भाऊ, खोटं बोललात पंगतीत आणि माफी मागताय एकटीच्या पानात. असं कसं चालेल?"

सोमवारच्या बैठकीत मी तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. मनगटावर टिकली होतीच.

"साहेब, हा धोका ताईंनी आधीच सांगितला होता. त्यांची खूण मी खरवडली आणि इथे बसून खोटं बोललो. तपासणी त्यांना परत द्या." मग मी ताईंकडे वळलो. पुढचं कसलंही वचन दिलं नाही.

"ताई, चूक माझी होती. मला माफ करा."