‘पडीक’ जागेवरचा खेळ

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आम्ही ट्रॅव्हल्सची वाट बघत उभे होतो, तेव्हा ढाबेवाल्यानं हात धुवायच्या टाकीला कुलूप ठोकलेलं होतं. दुष्काळाचं वर्ष. जेवण मिळेल, हात घरी जाऊन धुवा. अण्णांनी माझ्या बॅगा दुकानातल्या पोत्यांसारख्या एकावर एक रचल्या होत्या. दादा फोनवर बसवाल्याशी भांडत होता. आई माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती. चौसाळ्याकडचे ओळखीचे लोक भेटत होते आणि प्रत्येक जण अण्णांना तेच म्हणत होता, "पोरीनं नशीब काढलं बघा, सावकार. अमेरिका म्हंजे लई झालं."

मला तेव्हाच राग आला होता आणि अजून तो उतरलेला नाही. गावातून निघून जाणं हेच नशीब का ठरावं, असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. आईनं मात्र नशिबाचा शब्द काढला नाही. बस आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "परक्या जागी कुणी ऊठ म्हणलं की लगेच उठायचं न्हाई. आदी इचारायचं, कावून, कशापायी?"

दादा, वहिनी, आणि माझ्यासारखे घर मागे टाकून गेलेले तुम्ही सगळे, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मागच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात कुणीतरी मला हसत म्हणालं, "शोभा, एका खेळाच्या मैदानावरून एवढं भांडलीस?" त्याचं उत्तर तिथे चहाचा कप हातात धरून देता आलं नाही.

आधी आपल्या माळाचं सांगते, कारण मंडळातल्या कुणी तो पाहिलेला नाही. आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडे. अण्णांचं किराणा दुकान वेशीजवळ, म्हणून गाव त्यांना सावकार म्हणतं, आणि दुकानामागून चढ लागला की गावाचं गायरान. आम्ही त्याला नुसतं माळ म्हणायचो. सगळ्यांची गुरं तिथे चरायची. ज्यांच्या नावावर बोटभर जमीन नव्हती, त्यांच्याही शेळ्या तिथे चरायच्या. मी आणि माझी मैत्रीण रुक्मिण तेलाच्या डब्यांची झाकणं घेऊन चढावर जायचो आणि वारा बघून फेकायचो. झाकण वाऱ्यावर चढलं की पार बाभळीपर्यंत जायचं. पोरींना गावात ओरडायला, पळायला दुसरी जागा नव्हती.

मी बारावीत असताना त्या माळावर सहकारी सूतगिरणी येणार असं ठरलं. म्हणजे आधीच ठरलं आणि मग ग्रामसभा बोलावली. चेअरमन, ज्यांना गाव साहेब म्हणतं, खुर्चीत बसूनच बोलले. "जमीन नुसती पडीक हाय. गिरणी आली की घरटी एक नोकरी." टाळ्या पडल्या. तेव्हा अण्णा उठले. आम्ही दुकानदार माणसं, चारचौघांत आवाज न चढवणारी. पण ते उठले आणि म्हणाले, "साहेब, पडीक कावून म्हणता? गावची गुरं मग चरतात कुठं?" सगळे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. साहेब हसले. "सावकार, तुमचं दुकान चालतंय ना? मग चालवा की."

हसण्यावारी नेलं आणि सभा संपली. कुंपणाची तार आली, खांब आले, कोनशिला बसली, हार पडले. एक शेड उभी राहिली, गिरणी काही आली नाही. पुढचे दोन उन्हाळे साहेबांच्या माणसांनी आमच्या दुकानाची पायरी चढायची बंद केली, आणि अण्णा रिकाम्या दुकानात बसून पेपरची तीच ती पानं वाचायचे. तारेच्या आत गवत वाढायचं आणि वाळायचं. बाहेर गुरं हाडं दाखवत फिरायची. हे सगळं सहकाराच्या नावानं. सहकार म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आमच्याकडे सगळ्यांचं होतं ते मिळून एकाचं केलं.

आणि मग लग्न होऊन मी अमेरिकेत, ओहायोत. नवरा ट्रकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. आमच्या अपार्टमेंटमागे मोठी बाग होती आणि मी मुलीला बाबागाडीत घालून तिथे रोज फिरायचे. एक दिवस कानाजवळून काहीतरी सण्णकन गेलं. नारिंगी रंगाची प्लास्टिकची थाळी. मागून एक पिकल्या केसांची बाई धावत आली, दहा वेळा सॉरी म्हणाली. तिचं नाव कॅरल. आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली. मी थाळी उचलून द्यायला गेले, तर ती म्हणाली, देऊ नकोस, फेक. मी वारा बघितला आणि फेकली. थाळी तिच्या डोक्यावरून अशी गेली, की ती नुसती बघत राहिली.

त्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. खांबावर लोखंडी टोपली असते, वर साखळ्या लोंबत असतात. लांबून डिस्क फेकत फेकत शेवटी त्या साखळ्यांत मारायची, की छन्न आवाज होऊन ती टोपलीत पडते. मग पुढची टोपली. आमच्या बागेत अशा अठरा आहेत.

आता त्या कोर्सचं भलं-बुरं दोन्ही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं वाटायला नको. भलं म्हणजे, तिथे तिकीट नाही, फाटक नाही, वॉचमन नाही. सलवार-कमीजवर खेळलं तरी कुणी अडवत नाही. नवऱ्याची शिफ्ट असायची, माझ्याकडे गाडी नव्हती, इंग्रजी तोंडातून निघता निघत नव्हतं; त्या दिवसांत त्या कोर्सनं मला माणसांत आणलं. बुरं म्हणजे उन्हाळ्यात गवतात गोचीड. झाडांखाली अंगाला लागली की आठवडाभर खाजवत बसावं अशी एक वेल. आठव्या टोपलीपाशी ओढा, त्यात माझ्या कितीतरी डिस्क गेल्या. शनिवारी बिअर पिऊन आरडाओरडा करणारे टोळभैरव. आणि नुसतं चालायला आलेल्या माणसाला कायम जीव मुठीत धरून चालावं लागतं, जसं मला पहिल्या दिवशी लागलं.

पण सगळ्यात मोठं बुरं मला फार उशिरा दिसलं.

बागेच्या पूर्वेला एक सपाट, ओबडधोबड मैदान आहे. तिथे एकही टोपली नव्हती. दर रविवारी ग्वाटेमालाकडची कुटुंबं तिथे यायची. मांस-पॅकिंगच्या कारखान्यात राबणारी माणसं. पुरुष फुटबॉल खेळायचे, बाया सावलीत डबे उघडायच्या. त्यातली मारिया माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोराची आई. तिनं मला मक्याची भाकरी खायला घातली आणि मी तिला ठेचा दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं आणखी मागितला.

आमच्या डिस्क गोल्फ क्लबनं ठरवलं, की कोर्स वाढवायचा. आणखी नऊ टोपल्या, मोठ्या स्पर्धा, बाहेरगावचे खेळाडू. त्यासाठी पूर्वेचं मैदान हवं होतं. मी क्लबची सभासद होते. क्लबच्या मीटिंगमध्ये नकाशा भिंतीवर लावला होता आणि आमचा अध्यक्ष, भला माणूस, पुढे मी घेतलेली गाडी थंडीत बंद पडली की सुरू करून देणारा, त्या मैदानावर बोट ठेवून म्हणाला, तशीही ती जागा कुणी वापरत नाही.

माझ्या कानशिलात कुणी मारावं तसं झालं. भाषा वेगळी, देश वेगळा, अंगावर पांढऱ्या खादीऐवजी टी-शर्ट, पण वाक्य तेच. पडीक हाय.

मी विचारलं, "कुणी वापरत नाही म्हणजे? दर रविवारी तिथे माणसं असतात. तुम्हाला दिसत नाहीत?" तो गोंधळला. म्हणाला, म्हणजे अधिकृतपणे कुणी वापरत नाही. कॅरल माझ्या शेजारी होती. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "शोभा, हे सगळे चांगले लोक आहेत." मला माहीत होतं. म्हणूनच तर संताप आला. आमच्या गावच्या साहेबांचं मी समजू शकते. त्यांना सत्ता हवी होती. पण ही चांगली माणसं, रोज बघूनही न बघणारी, ह्यांना काय म्हणायचं?

नगरपालिकेच्या सुनावणीला मी मारियाला घेऊन गेले. तिला बोलायचं नव्हतं. इथे राहायच्या कागदपत्रांचं काय ते तिचं तिला माहीत. मी विचारलं नाही. मग माझी पाळी आल्यावर मीच उठले. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. इंग्रजी अडखळत होतं. पण एवढं आठवतं, की मी आपल्या माळाचं सांगितलं. सगळ्यांचं असलेलं रान कसं एका सभेत, टाळ्यांच्या गजरात गेलं, आणि माझ्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही. समोरच्या एका बाईंनी चष्मा काढून विचारलं, "पण ही गोष्ट तर भारतातली आहे ना? तिचा इथे काय संबंध?"

मी म्हणाले, "संबंध हा, की हे वाक्य मी ओळखते."

निकाल अर्धा लागला. नऊऐवजी चार टोपल्या, मैदानाची एक कड गेली, बाकीचं राहिलं. फुटबॉलचा गोल आता तिरका लावावा लागतो. क्लबातल्या काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. कॅरल महिनाभर आली नाही. मग एक दिवस दारात उभी राहिली, हातात डिस्क. तिनं माफी मागितली नाही, मीही नाही. आम्ही खेळायला गेलो. त्या चार नव्या टोपल्यांवर मी खेळत नाही.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे परत दुष्काळ होता. दादा, तू फोनवर म्हणालास, "शोभे, तू तिकडं पाण्यानं गवत भिजवून खेळतीस आन् गावाची काळजी करतीस. बरंय तुमचं." तुझं ते बोलणं मला लागलं, अजून लागतं. पण ते खोटं नव्हतं. आमच्या बागेत खरोखर रोज सकाळी फवारे उडतात आणि ते बघताना दर वेळी मला ढाब्यावरच्या टाकीचं ते कुलूप आठवतं.

वहिनी, तुम्ही मात्र त्याच आठवड्यात जे केलंत ते दादानं सांगितलंच नाही, रुक्मिणनं सांगितलं. गावाला गुरांची छावणी मंजूर झाली होती, पण जागा नाही म्हणून ती दुसऱ्या गावाला जायला निघाली होती. माळाला लागून रस्ता, टँकर जाईल असा. आत ओसाड गिरणीची शेड, सावलीसकट. आणि सूतगिरणीची संस्था म्हणते, आमची जागा. तुम्ही बायकांना गोळा केलंत आणि दिवसाढवळ्या गुरं घेऊन फाटकापाशी गेलात.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "अवो ताई, त्या वॉचमननं इचारलं, कुनाला इचारून आलात? म्या म्हणलं, आमाला कुनी इचारलं व्हतं का तार लावताना? त्यो बिचारा चावी काढून देऊन बाजूला बसला. त्याचीच दोन गुरं आत हायती आता."

पाऊस पडेपर्यंत छावणी माळावर राहिली. मग छावणी उठली आणि तार परत आली. आधीपेक्षा उंच. ह्याचा मला जितका राग येतो तितका फवाऱ्यांचाही येत नाही. माळ गावाला परत मिळावा म्हणून तुम्ही बायकांनी तहसीलला अर्ज दिलाय. त्यावर साहेबांचा पोरगा, जो आता चेअरमन आहे, म्हणाला म्हणे, की ह्या बायांना परदेशातून कुणीतरी फूस लावतंय. मी हसले. मग हसू आवरलं, कारण मी काहीच केलं नव्हतं. जे केलं ते तुम्ही केलंत, आणि त्याचं श्रेय शिवीच्या रूपानं का होईना, मला देऊन टाकलं त्यानं. तुमच्या डोक्यात हे आपलं आपण येऊ शकतं, हे त्याला पटतच नाही.

आपलं घर कुठं, असं मला मंडळात विचारतात. इथलं की तिथलं? पूर्वी मी गोड काहीतरी बोलायचे. आता खरं सांगते. जिथली जागा गेली तर माझी झोप उडते, ते माझं घर. अशी दोन आहेत. दोन्हीकडे मला कुणी ना कुणी विचारतंच, बाई, तुमचा काय संबंध? गावातले म्हणतात तू गेलीस, इथले म्हणतात तू आलीस.

दिवाळीनंतर तहसीलला तुमची तारीख आहे असं कळलं. मी रजा घेतली आहे, तिकीट काढलं आहे. वहिनी, मला पुढे बसवू नका, बोलायलाही लावू नका. बोलायचं ते तुम्हीच बोला. अण्णांना मात्र घेऊन चला, गुडघे कितीही दुखू देत. त्यांना उत्तर ऐकायचंय.