पयले जुना आन

मला काकूंनी वाचवलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून.

काकू म्हणजे शहापूरला हायवेलगत स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्या काकू. त्या रस्त्यानं तुम्ही कधी गाडी चालवली असेल, तर त्यांचं एक वाक्य तुमच्याही कानावर पडलं असेल. काउंटरवर सूप, सुपात तांदूळ, नजर तांदळातल्या खड्यांवर. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्या म्हणायच्या, "पयले जुना आन."

जुना पार्ट समोर ठेवल्याशिवाय त्या नवा दाखवायच्यासुद्धा नाहीत. ड्रायव्हर वैतागायचे. एकदा एक जण म्हणाला, "काकू, पार्ट विकून राहिल्या का सोयरीक जुळवून राहिल्या?"

"सोयरीक मोडली त पोरगी मायबापाच्या घरी येते," काकू खडा उडवत म्हणाल्या. "हा मोडला त तू कुठं जाशीन?"

मी लातूरकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत इकडं आलो. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका टिपरवर लागलो. स्वभाव मुळात घाबरट, त्यात टिपरचं स्टिअरिंग असं, की वीतभर फिरवावं तेव्हा कुठं टायर हलायला लागावेत. मालकाला सांगितलं तर म्हणाला, "गाडी बरोबर हाये, तुया हातच कच्चा हाये." मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

एक दिवस समोरून बस आली. मी गाडी बाजूला घेतली ती थेट धानाच्या बांधीत, रस्त्यालगतच्या भातशेतात. कुणाला लागलं नाही, पण मालक भडकला. "शहापूरले जाऊन दुरुस्त करून आन. त्याच्यानंतरबी गाडी इकडंतिकडं हलली, त तू आपल्या गावाले जाय." घरी आईला मी फोनवर सांगत होतो, इथं माझं झकास चाललंय.

शहापूरच्या मेकॅनिकनं खाली झोपून पाहिलं. स्टिअरिंगचा दांडा खाली वळतो तिथला जॉइंट गेला होता. मी काकूंच्या दुकानात पळालो, मॉडेल सांगितलं.

"पयले जुना आन."

"मॉडेल सांगितलं की, काकू!"

"तुया गाडीत पयले कोनं काय घुसवलं, मले का मालूम?"

जुना आणला. त्यांनी फडक्यानं पुसला आणि आतल्या दात्यांवरून अंगठा फिरवला, तांदूळ निवडायचा तोच अंगठा. "पाय बाबू, हा तुया गाडीचा नोयच. दुसऱ्या गाडीचा बसवला. ढिला झाला म्हून पत्रा कोंबला." खरंच, आत झिजलेली पत्र्याची पट्टी होती.

मग काकू कधी नव्हे त्या काउंटरमागून उठल्या आणि दोन नवे जॉइंट घेऊन गॅरेजात आल्या. पहिला दांड्यावर अलगद सरकला. मी खूश. "हाच द्या."

"हा आत्ताच हलून राहिला. पुन्हा बांधीत जाशीन."

दुसरा दात्यात दाता घालून, दाबत दाबत बसवावा लागला. "बोल्ट खाचेत बसला का?" काकूंनी विचारलं. मेकॅनिक उभ्यानंच हो म्हणाला. "वाकून पाय, मंग हो म्हण."

आणि खरी गंमत पुढंच. मी गाडी रस्त्यावर काढली आणि ती आणखीच नागमोडी चालायला लागली! मला वाटलं, मालकाचंच खरं, खोट माझ्या हातात होती. गाडी वळवून दुकानासमोर आणली तेव्हा माझा रडायचा बेत चेहऱ्यावर दिसत असणार.

काकूंनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि क्लीनरच्या सीटवर चढून बसल्या. "चाल."

थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "जॉइंट नवा हाये, पन हात जुन्याच जॉइंटचे हायेत. काहून वळवून राहिला इतका? हात ढिले सोड."

"सवय लागली, काकू."

"कवापासून चालवून राहिला अशी?"

"आल्यापासून. मालक म्हणतो, माझा हातच कच्चा आहे."

काकू माझ्या हातांकडं बघत म्हणाल्या, "मंग तुया हात कच्चा कसा? अशी गाडी सांभायली म्हून त तू जिता हायेस."

मी हात ढिले सोडले. गाडी सरळ चालली. काकू काचेतून बाहेर बघत होत्या. "अगं माय, इथून रस्ता किती उंचावरून दिसते!" इतकी वर्षं ट्रकचे पार्ट विकले, पण ट्रकात त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

दुकानात येऊन त्यांनी मला मालकाला फोन लावायला लावला. "पोरगा बरा हाये. गाडीच भलत्याच जॉइंटवर चालवून राहिले होते तुम्ही." बस, एवढंच बोलल्या. मी आजही त्याच टिपरवर आहे.

काकू आता दुकानात नसतात. गुडघे साथ देईनात, म्हणून एकोडीला लेकीकडं राहायला गेल्या. त्यांच्या जागी बसणारा भला माणूस आहे. मॉडेल सांगितलं की मोबाइलात पाहून पार्ट देतो. तरी मी जुना पार्ट फडक्यात गुंडाळून नेतो आणि काउंटरवर ठेवतो. तो विचारतो, "हा कायले आनला?" मी फडकं उलगडून तो त्याच्यापुढं सरकवतो.

स्वतःची गाडी घ्यायची, असं मनात आहे. कधी होईल कोण जाणे. पण झाली की पहिल्यांदा एकोडीला नेणार. काकूंना हात देऊन पुढच्या सीटवर बसवीन, उंचावरून सगळा रस्ता दाखवीन. आणि हात ढिले सोडून चालवीन.